सुधाकर आणि झोपाळू कार्ड

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तर्रीपोहे खात होतो. घास हातातच राहिला. दुःखाच्या आधी रागच आला. असं पटकन निघून जाणं त्याला शोभत नाही हो. "येतो गा" म्हटल्यावरही तासभर दारात उभा राहून बोलणारा माणूस तो...

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर माझ्या या मित्राला लिनक्स नावाच्या फुकटच्या कॉम्प्युटर-प्रणालीचं वेड लागलं. कोणी मागो न मागो, ओळखीतल्या प्रत्येकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो ते बसवून द्यायचा. माझाही सुटला नाही. सगळं झकास चालायचं, फक्त नेटवर्क कार्ड मधेच अटकायचं आणि नेट गायब. एरवी चाललंही असतं, पण मुलगा कॅनडात, तिकडे पहिल्या नातीचं बारसं, आणि माझ्या बायकोला, मालतीला, इथून पाळणा म्हणायचा होता. बारशाच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर पडद्यावर मुलगा अर्धं तोंड उघडं ठेवून थिजला. मालती रडकुंडीला आली.

उन्हाळ्याचे दिवस. कार्ड तापलं असेल म्हणून मी आमचा पाण्याचा कूलरच कॉम्प्युटरकडे वळवून ठेवला. सुधाकर नागपूरच्या पार सदरहून आमच्या मनीषनगरला आला, ते पाहिलं आणि म्हणाला, "काहून गा, याले लू लागली का? ओल्या हवेनं मरून जाईन ना ते."

त्याने कूलर फिरवला, चहा मागितला आणि नुसता बसून राहिला. माझं डोकं फिरलं. "काही करशील का नाही?"

"करूनच राहिलो. कधी अटकते ते तर पाहू दे."

चहा संपता संपता अटकलं. गडी खूश. "बिघडलं नाही गा. काम नसलं का हे वीज वाचवायले झोपते, अन् मंग उठतच नाही." जन्मभर लोकांना वीज वाचवा म्हणून सांगत आलेल्या माणसाने ते वीज वाचवणं कायमचं बंद करून टाकलं. हा किस्सा त्याने पुढे अर्ध्या नागपूरला ऐकवला.

संध्याकाळी मालतीने पाळणा शेवटच्या ओळीपर्यंत म्हटला. सुधाकरने मागून बेसूर साथ दिली. त्यानंतर दर रविवारी तो 'कार्ड पाहून जातो' म्हणून यायचा आणि नात बोलायला लागल्यावर तिच्याशी गप्पा मारत बसायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. कार्ड पुन्हा कधीच अटकलं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या रविवारी नातीने विचारलं, "सुधाआबा कुठं आहेत?"

मी मालतीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. पोरगी पडद्याच्या अगदी जवळ आली.

"आबा, तुम्ही अटकले का?"

"नाही वं माय," मी म्हणालो. "चालू आहे."