गवतासाठी मागा की

तीन गावांनी मिळून माळ राखायचा आणि खर्च सरकारनं द्यायचा, अशी योजना होती. शिरूरकडच्या त्या माळावर झाडांसाठी खड्डे कुठं घ्यायचे, ते मी आखत होते. तिथं मेंढ्या चारणारे एक आबा माझ्याबरोबर चालू लागले. पाऊल टाकण्याआधी ते काठीनं गवत हलकेच बाजूला सारत. उन्हात सगळा माळ पाण्यासारखा हलत होता.

एका जागी ते खाली बसले. गवताच्या बुडाशी चंडोलाची तीन अंडी होती.

"म्याडम, हितं झाडं कवाच नव्हती. खड्डं घेतलं तर ह्या पाखरांनी जायाचं कुठं?"

"पण आबा, झाडांसाठीच निधी मिळतो."

"मग गवतासाठी मागा की. आजवर कुणी मागितलंच नसंल."

मी प्रस्तावातले खड्डे खोडले आणि 'गवत राखणे' असं लिहिलं. प्रस्ताव दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मंजूर झाला.

सांगायला गेले, तर आबा नव्हते. मेंढ्यांमागं ते कुठं गेले, कुणालाच ठाऊक नव्हतं. कमरेएवढ्या गवतात उभं राहून मी मंजुरीचं पत्र मोठ्यानं वाचलं.