तिसरीच्या बाईंनी गाळलेली गोष्ट

आमच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंना ऑफिसात सगळे ‘इतिवृत्त’ म्हणतात. अर्थात त्यांच्या माघारी. मी तिथला हेडक्लार्क. नोकरीचे सात महिने उरले आहेत आणि इतक्या वर्षांत जी माणसं जवळून पाहिली, त्यांतल्या काहींविषयी लिहून ठेवावं असं वाटू लागलं आहे. त्या यादीत बाई बऱ्याच वर आहेत.

बाई उंच, किडकिडीत. पायात कायम कापडी बूट, कारण चपलांचा आवाज वर्गाला आधी कळतो. बोलणं मोजकं. सकाळी कुणी ‘काय म्हणता बाई?’ विचारलं, तर ‘दोन गैरहजर’ म्हणून पुढे जातात.

चार वर्षांपूर्वीपर्यंत त्या पालकांना चिठ्ठ्या पाठवत. त्या पोचत नसत. एकदा एका दप्तराच्या तळाशी त्यांना स्वतःच्या अक्षरातल्या अकरा चिठ्ठ्या सापडल्या. अकराही एका जुन्या केळ्याला चिकटलेल्या. ‘मी जपून ठेवल्यात,’ दप्तराचा मालक म्हणाला. त्याच आठवड्यात बाईंनी कॉम्प्युटरच्या सरांकडून वर्गाचा ब्लॉग सुरू करून घेतला.

शेवटचा तास चित्रकलेचा असतो. तेवढ्या वेळात बाई ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसतात आणि चारच्या आत मजकूर लावून मोकळ्या होतात. शाळा चार वीसला सुटते. पालक फाटकाबाहेर उभे राहून वाचतात, आणि उद्या कार्डपेपर आणायचा असेल तर घरी जाताना घेऊन जातात. मजकूर साधारण असा असतो :

‘हजर एकतीस. सातचा पाढा झाला, चौघांचा नाही. रडले दोन. कारण : एकच पेन्सिल. चौकशीअंती पेन्सिल तिसऱ्याची निघाली. तो रडला नाही. उद्या डिंक आणावा.’

पालक खूश होते. पूर्वी आठवड्याला पाच-सहा जण माझ्या टेबलाशी येऊन ‘डिंक कधी आणायचा होता?’ विचारत. ते बंद झालं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, पुढच्या वर्षी सगळ्याच वर्गांना ब्लॉग करायचं ठरवलं.

अशात एक दिवस एका मुलीचे वडील ऑफिसात आले. बसचे ड्रायव्हर. अंगात गणवेश, हातात टोपी. बाई कॉम्प्युटरवर होत्या. हे माझ्या टेबलाजवळ उभे राहिले आणि मलाच म्हणाले, “साहेब, तो ब्लॉग बंद करता येईल का?”

“तक्रार आहे?”

“तक्रार नाही. फार चांगला आहे. आमचा कंडक्टरसुद्धा वाचतो, आणि त्याला मूलबाळ नाही.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची मुक्कामी गाडी. संध्याकाळी सहाला निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तीनपर्यंत झोप, मग मुलीला न्यायला शाळेत. बायको औषधांच्या दुकानात, ती आठला येणार. शाळा ते घर पंचवीस मिनिटांचा रस्ता. मुलगी त्यांच्या वाट्याला येते ती एवढीच. पहिली-दुसरीत असताना ती फाटकापासून दारापर्यंत बोलायची, मध्ये श्वास घ्यायची नाही. तिसरीत आल्यापासून तोंडाला कुलूप.

“मी विचारतो, आज काय झालं? तर म्हणते, ‘वाचलंस ना? मग विचारतोस कशाला?’ आणि मी वाचलेलं असतं हो. खोटं बोलावं तर ते मला जमत नाही. आता पंचवीस मिनिटं नुसते चालतो. परवा तर रिक्षा करू या म्हणाली.”

रिक्षाचं सांगताना ते टोपीकडे बघत होते. बाई खुर्ची वळवून ऐकत होत्या.

“तुम्ही वाचू नका,” त्या म्हणाल्या.

“बायको फोन करून सांगते.”

“त्यांनाही सांगा, वाचू नका म्हणून.”

मोठ्या बाईंनी मजकूर रात्री लावायचं सुचवलं. पण कार्डपेपरचं काय, असं म्हणत चौदा पालक ऑफिसात येऊन उभे राहिले, आणि ते तिथेच संपलं. ड्रायव्हर आणि त्यांच्या पत्नीने वाचणं सोडलं.

सहाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी दाखले पूर्ण करायला आलो होतो, तर बंद फाटकाशी ड्रायव्हर आणि मुलगी. ड्रायव्हरांची साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून सोडायला आज ते स्वतः. मुलगी पूर्ण गणवेशात, वेणीला रिबिनी, पाठीला दप्तर.

“आज सुट्टी आहे,” मी म्हणालो.

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. “बाईंनी सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं की. पण ब्लॉगवर होतं ना. मग मी कशाला सांगू?”

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. दोघं आल्या रस्त्याने परत गेली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पुन्हा आले, तेव्हा मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांचा चेहरा वेगळाच होता.

“बाई, काल ती बोलली. घरापर्यंत सगळा वेळ. फाटकाला कुलूप कसं होतं, साहेब कसे दचकले.”

मी दचकलो नव्हतो.

“संध्याकाळी आईला पुन्हा सगळं सांगितलं. तेव्हा फाटकाशी तीन कुत्रे होते.”

“तिथे कुत्रे नव्हते,” मी म्हणालो.

“हो, मी होतो ना तिथे,” ड्रायव्हर म्हणाले.

बाई मग म्हणाल्या, “उद्यापासून दोघंही वाचत जा.”

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर हजेरी होती, पाढा होता, डिंक होता. शेवटी एवढंच : ‘आज तिसऱ्या तासाला एक गोष्ट घडली. ती इथे लिहिलेली नाही. कुणी जखमी नाही.’

चार वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन वाजला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकूण बावीस आले. सगळे मी घेतले.

“अहो, काय झालं वर्गात?”

“मुलाला विचारा.”

“तो सांगत नाही.”

“मग नीट विचारा.”

एका आजीबाईंनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. “आमच्या नातवाने काही फोडलं असेल तर आत्ताच सांगा. त्याचा बाप घरी यायच्या आत मला काच बसवून घेता येईल.”

मला काहीच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला पटत नव्हतं. आणि बाईंनी एका दिवसावर थांबवलं नाही. रोज एक गोष्ट गाळायला लागल्या. एका वकील पालकांनी लेखी अर्ज दिला, ‘सदर घटनेचा तपशील मिळावा’. बाईंनी त्यावर एका ओळीत उत्तर लिहिलं : ‘आपल्या घरी प्रत्यक्षदर्शी राहतो.’

उत्तर पाठवण्याआधी मी ते मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“आपण काहीतरी लपवतोय असं दिसतं हो.”

“एकतीस जणांना ठाऊक आहे. ह्याला लपवणं म्हणत नाहीत.”

“आणि कुणी भलतंसलतं सांगितलं तर?”

“सांगतील.”

“उद्या तपासणीला माणूस आला तर त्याला काय दाखवू? झाकली मूठ?”

शेवटी असं ठरलं की आठ दिवस बघायचं. ज्या ड्रायव्हरमुळे हे सुरू झालं, त्यांच्या घरी तरी फरक पडला पाहिजे. नाहीतर बाईंनी सगळं लिहायचं, आणि ते नको असेल तर ब्लॉग बंद. बाईंनी मान डोलावली. चार वर्षांत त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता, तापातसुद्धा.

इतर घरांतून हळूहळू फोन कमी झाले. मुलगा बोलतो म्हणाले, काही जण तर थांबत नाही म्हणाले. ड्रायव्हर मात्र रोज फाटकाशी उभे दिसायचे, मोबाईल वाचायचे, मुलीचं दप्तर घ्यायचे आणि दोघं मुकाट चालायला लागायचे. बाई ऑफिसच्या खिडकीतून बघायच्या. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “आजही नाही.” त्यांनी माझ्याशी आपणहून काढलेला तो पहिला विषय.

आठव्या दिवशी मोठ्या बाईंनी ड्रायव्हरांना साडेतीनलाच बोलावलं. मी कागद घेऊन बसलो होतो. बाई दाराशी उभ्या होत्या.

“बोलते का?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“काल बोलली.”

“आणि त्याआधी?”

“त्याआधी तिचा विश्वास नव्हता. काल मी विचारलं, आज काय झालं? म्हणाली, ‘तुला माहीत नाही?’ मी म्हटलं नाही. म्हणाली, ‘मोबाईल दाखव.’ तिथेच रस्त्यात उभी राहून वाचलं तिने. एकेक शब्दावर बोट ठेवून, दोनदा. ‘इथे लिहिलेली नाही’ हे वाचलं आणि मोबाईल मला परत दिला. मग सुरू झाली. घर आलं तरी संपेना. आम्ही कोपऱ्यापर्यंत परत जाऊन आलो. माझी ड्युटी जेमतेम गाठली.”

“पण झालं काय होतं?” हा प्रश्न शाळेच्या कामाचा नव्हता, पण मोठ्या बाईंनी विचारला.

“वर्गात पक्षी शिरला. हा एवढा, घारीसारखा. पोरं बाकांखाली. आणि बाई टेबलावर चढून, हातात छत्री घेऊन...”

“चिमणी होती,” दारातून बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

“आणि मी खुर्चीवर चढले होते. छत्री नव्हती, पट्टी होती.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर ‘फरक पडला’ एवढं लिहिलं होतं, ते त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी सही केली, मग चष्मा काढून बाईंना म्हणाल्या, “हे असं घरोघरी पसरतंय. निदान ही दुरुस्ती तरी आज ब्लॉगवर टाका.”

बाईंनी ड्रायव्हरांकडे पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “आमच्या घरी टेबल आहे. टेबलच राहू द्या.”

बाई कॉम्प्युटरकडे गेल्या. चारला दहा कमी होते आणि त्या दिवशीची हजेरी अजून टाकायची राहिली होती.