उशाखालचा चाकू

अंगावर सदरा नसला तरी चालायचं, पण कनवटीला चाकू नाही असा माझा दिवस उगवत नसे. घडीचे चाकू गोळा करायचं वेड मला तरणेपणापासून. एक खोपोलीच्या बाजारातला, शिंगाच्या मुठीचा. एक पितळी, घाट उतरून आलेल्या बैलवाल्याला कोंबडा देऊन बदललेला. एक विलायती, आगगाडीच्या कामावरच्या मुकादमाकडून गोड बोलून काढलेला. बायको म्हणायची, "यवडे चाकू, आन् घरात कापायला कांदा नाय!" मी चिडायचो. चाकू काय कांद्यासाठी असतो होय?

शिंगाच्या मुठीचा रोज माझ्यासोबत. दुपारी बांधावरच्या सावलीत पडल्या पडल्या मी तो उघडायचो, मिटायचो. वर घाटात गाडीचा धूर निघायचा आणि डोंगराच्या कडेनं ढगात शिरायचा. धूर कुठला नि ढग कुठला, बघता बघता डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा पातं छातीवर उघडंच, आणि त्यात आभाळाचा एक तुकडा. असे किती दिवस गेले देव जाणे. फार सुखाचे होते.

मग बायको तिसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली. आधीची दोन्ही पोरं पाचवीच्या आतच गेली होती. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. तोवर उशाखाली लोखंड ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. मी कोयता घेऊन गेलो, तर बायकोनं तोंड फिरवलं.

"त्यो नको. दोनदा ठेवला, काय राखलं त्यानं? तुमच्या अंगाला लागून असतो, तो द्या."

मी कनवटीचा चाकू काढला. सुईणीनं तो उघडून-मिटून पाहिला आणि मान हलवली.

"मिटनारं लोखंड निजतं रं बाबा. राखनीला उघडंच पायजे."

"उघडा ठेवतो की."

"आन् हिनं कूस बदलली, मिटला, तर?"

मी तडक लोहाराकडे गेलो. म्हटलं, याच्या सांध्यात खिळा ठोक, पुन्हा मिटता कामा नये.

"येडा झालास काय रं? असा चाकू सगळ्या खालापुरात नाय!"

"ठोक म्हणतो ना!" मी असा ओरडलो की भाता ओढणारा हातच थांबला. खिळा बसला. चाकू फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि बायकोच्या उशाखाली सरकवला.

पुढचे दिवस धुरीत, शेकात, अर्धवट झोपेत विरघळून गेले. मी दाराशी बसून असायचो. हात आपोआप कमरेला जायचा आणि रिकामाच परत यायचा. कुणी दोर कापायला चाकू मागितला, तर मी कोयता पुढं करायचो. आत पोर रडलं की भीती, गप्प झालं की त्याहून भीती. पाचवी पुजली गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणात उन्हं आली आणि आतून पोरीनं असा टाहो फोडला, की शेजारीण हातातलं टाकून धावत आली. "अगं बाई! काय झालं गं?"

मी धडपडत उंबऱ्यापाशी गेलो.

आतून बायकोचा आवाज आला. हसत होती की रडत होती, कळेना. "काय नाय गं. भूक लागलीय तिला."

सहाव्या दिवसाची भूक आमच्या घरानं पहिल्यांदाच पाहिली. मी उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडलो.