सुनेला विचारलंत का?

डॉ. त्र्यंबकराव भिरूड यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझा अपमान केला म्हणून. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी नुकताच एम.डी. झालो होतो आणि सुवर्णपदक खिशात घालून त्यांच्या जळगावच्या रुग्णालयात नोकरी मागायला गेलो होतो. सरांनी मला नातेवाइकांच्या बाकावर दोन तास बसवून ठेवलं. मग आत बोलावून विचारलं, "तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?" मी म्हणालो, कुणीतरी म्हातारी होती. "कुठली? तिचं कोण आजारी आहे? काय होतंय त्याला?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. "दोन तास शेजारी बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत! उद्या या, बाकावर बसा. परवाही बसा." मी तीन दिवस दातओठ खात त्या बाकावर बसलो. चौथ्या दिवशी नोकरी मिळाली. तो राग पुरता गेला असं मी आजही म्हणणार नाही.

सरांनी यंदा वयाची साठ वर्षं पूर्ण केली. गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाकडून मला पत्र आलं: 'प्रसन्न आठवणी लिहाव्यात, अप्रिय प्रसंग टाळावेत.' वा रे वा! ज्या माणसानं उभं आयुष्य अप्रिय बोलण्यात घालवलं त्याच्यावर प्रसन्न लेख मागवताय? सरांच्या हाताला यश होतं, ते सकाळी सहाला राउंड घेत, गरिबाला परत पाठवत नसत, हे सगळं या ग्रंथात चाळीस जण लिहितील. ते खरंच आहे. माझ्याकडे सांगण्यासारखा एकच प्रसंग आहे. छापायचा तर पूर्ण छापा, नाहीतर लेखच फेकून द्या.

त्या काळी आमच्याकडे लकवा झालेला माणूस दवाखान्यात यायचा तो बहुधा दुसऱ्या दिवशी. आधी भगत, मग अंगाला चोळायला कबुतराचं रक्त, मग कुणाच्या तरी मामानं सांगितलेला झाडपाला, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. सरांचा याच्यावर भयंकर राग. ते आठवडे बाजारात जायचे, कुणाच्या तरी टेम्पोवर उभे राहायचे आणि ओरडायचे, "तोंड वाकडं झालं, हात पडला, जीभ जड झाली की आधी घड्याळ बघा आणि एस.टी. पकडा! कबुतराला जगू द्या!" लोक हसायचे. एकदा चोपड्याच्या बाजारात कुणीतरी त्यांच्या दिशेनं वांगं भिरकावलं. सरांनी ते झेललं, पिशवीत टाकलं आणि बोलणं पुढं चालू ठेवलं.

आता औषधाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज नावाचं औषध तेव्हा आमच्याकडे येऊ लागलं होतं. सर ते छातीच्या रुग्णांना देत, आणि माणसं उठून घरी चालत गेलेली मी पाहिली होती. मेंदूतली गुठळीही अशीच विरघळवता येईल का, याचे प्रयोग परदेशात चालले होते. मी ते वाचून पेटलो होतो. सर थंड. ते म्हणत, "लकवा दोन प्रकारचा, पाटील. एकात नस तुंबते, दुसऱ्यात फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फुटलेलीला हे औषध म्हणजे विष. आणि तुंबलेलीलाही उशीर झाला की विषच. पाण्यावाचून भेगाळलेल्या शेतातल्या चारीत एकदम पाणी सोडून पाहा, बांध फुटतो की नाही." कोणता प्रकार ते कळायला स्कॅन हवा, आणि स्कॅनसाठी नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागे. म्हणून रुग्णालयाचा नियम होता: लकव्याला हे औषध नाही. माझ्या दृष्टीनं तो नियम म्हणजे म्हाताऱ्याचा भित्रेपणा होता. हो, मी त्यांना भित्रे समजत होतो!

सर बोदवडला तपासणी शिबिराला गेले होते त्या दुपारी सुपडू आबांना आणलं. चोपडा तालुक्यातले केळीवाले शेतकरी, पासष्टीचे, धिप्पाड. उजवी बाजू पडलेली, वाचा बंद, रक्तदाब चढलेला. सोबत दोन मुलगे आणि भाऊबंद, मिळून सात-आठ पुरुष. मी विचारलं, कधी झालं? थोरला मुलगा म्हणाला, "आत्तेच व्हयनं डॉक्टरसाहेब, तासबी व्हयेल नही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, हीच संधी. सर नाहीत, औषधाची बाटली कपाटात आहे, माणूस वेळेत आलाय. संध्याकाळी सर परत येतील तेव्हा आबा बोलत असतील आणि सरांचं तोंड बंद होईल. खोटं कशाला बोलू, आबांइतकाच मला माझा विजय हवा होता.

मी बाटली लावली. अर्धी संपली असेल, आबांना उलटी झाली. मग हिरड्यांतून रक्त. मग ते झोपाळले, आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. बाटली मी बंद केली, पण बंद करून काय उपयोग? आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

संध्याकाळी सर आले. त्यांनी आबांना तपासलं, केसपेपर वाचला आणि मला विचारलं, "तासाभरापूर्वी झालं हे कुणी सांगितलं?"

"मुलानं."

"सुनेला विचारलंत का?"

सून? व्हरांड्यात डोक्यावर पदर घेऊन एक बाई दुपारपासून उभी होती. मी चार वेळा तिच्यासमोरून गेलो होतो. तिला विचारायचं असतं हे माझ्या सुवर्णपदकाला माहीत नव्हतं. सर मात्र कायम तसंच करत. किती वाजता झालं, असं ते विचारतच नसत. सकाळचा चहा कुणी दिला, कप कोणत्या हातानं धरला, भाकरी स्वतः मोडून खाल्ली का, हे ते ताट वाढणाऱ्या बाईला विचारत. दोन वर्षं मी ते रोज पाहत होतो आणि तो सरांचा म्हातारचळ समजत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले.

इथं सर मला पाठीशी घालतील असं वाटलं होतं. छे! चौथ्या दिवशी त्यांनी मला गाडीत घातलं आणि आबांच्या गावी नेलं. ओट्यावर सतरंजी अंथरली होती, अख्खी भाऊबंदकी बसली होती. सर म्हणाले, "आबांना काय झालं ते हे डॉक्टर सांगतील. खरं तेच सांगतील." आणि ते सतरंजीवर बसले. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. मी सांगितलं. असं औषध दिलं, ते द्यायला नको होतं, त्यानं डोक्यात रक्तस्राव झाला. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"सकायले चहा दिन्हा तवयच त्यासनं तोंड वाकडं व्हयेल व्हतं. कप हातमा धरता ये नही. मंग यासनी त्यासले भगतकडे लई गयात. माले कोनी ईचारंच नही."

थोरला मुलगा तिच्यावर ओरडला, "गप ऱ्हाय तू! मानसंसमा बोलस का?"

सर ताडकन उभे राहिले. रुग्णाच्या नातेवाइकांवर ते ओरडलेले मी पहिल्यांदा आणि शेवटचं तेव्हाच ऐकलं. "त्या दिवशी या बाईला कुणी बोलू दिलं असतं तर तुमचा बाप आज या ओट्यावर बसला असता! लंगडत का होईना, बसला असता! आता तरी बोलू द्या तिला!" मुलगा खाली मान घालून रडायला लागला. लाज वाटत होती हो त्यांना. बापाला आधी भगताकडे नेलं हे डॉक्टरला कसं सांगायचं, म्हणून तासाभराची थाप मारली होती. त्या थापेवर मी विसंबलो, कारण ती मला सोयीची होती.

इथवर राग माझ्यावर आणि त्या मुलांवर. आता ज्यांच्यावर खरा आहे त्यांच्याकडे वळतो. भिरूडांच्या रुग्णालयानं रुग्णाच्या घरी जाऊन चूक कबूल केली, ही बातमी पसरली आणि आमचे व्यवसायबंधू खवळले. धुळ्याला दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांची सभा भरली. "चूक हा शब्द वापरायची गरज काय होती? लकवा होता, माणूस गेला, देवाची मर्जी म्हणायचं! उद्या लोक आमच्या दारात काठ्या घेऊन येतील!" एकानं तर विचारलं, "बाटली लावली कुणी?" सर म्हणाले, "रुग्णालय माझं आहे. पुढं बोला." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठलो नाही. बुटांकडे बघत बसलो. गावकऱ्यांसमोर सरांनी बोलायला लावलं म्हणून बोललो. इथं कुणी लावणारं नव्हतं, तर माझी दातखीळ बसली.

त्यानंतर दोन वर्षं सरांकडे कुणी रुग्ण पाठवला नाही. मी चोपड्याला स्वतःचा दवाखाना काढला. सरांचे तुटलेले रुग्ण माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना घ्यायचो. ज्यांनी त्या सभेत सरांवर तोंडसुख घेतलं त्यांच्यातले तिघे आज सत्कार समितीत आहेत. शाल तेच देणार, श्रीफळ तेच देणार! सरांनी त्या घटनेनंतर केसपेपरवर एक रकाना छापून घेतला: 'घरातल्या बाईशी बोललो.' त्यापुढं डॉक्टरची सही. याच मंडळींनी त्याला 'भिरूडांचा बायकी कॉलम' म्हणून हिणवलं होतं. आता जळगावात स्कॅन आलाय, गुठळीच्या नव्या औषधांची चर्चा सुरू झालीय, लकवा नक्की कधी झाला याला सोन्याचं मोल आलंय, तर तोच रकाना उतरवून घ्यायला ही माणसं सरांकडे जातात. सर त्यांना चहा पाजतात. मी असतो तर दारातून हाकललं असतं.

हा लेख लिहिण्याआधी मी सरांना भेटलो. म्हणालो, सर, बाटली मी लावली होती हे मी छापतोय. त्यांनी चष्मा काढला. "छापा. सात वर्षं उशिरा का होईना. पण त्या सुनेचं नाव काय लिहिणार?"

नाव मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या सासऱ्याचा जीव घेतला, तिच्या दारात गेलो, इतकी वर्षं मनात तिला 'सून' म्हणत आलो, आणि नाव विचारलं नव्हतं! सर म्हणाले, "मग लेख पूर्ण झालेला नाही, पाटील." मला त्यांचा पुन्हा एकदा संताप आला, आणि नेहमीप्रमाणे ते बरोबर होते.

रविवारी मी त्या गावी गेलो. बाई अंगणात कपाशीची बोंडं निवडत होत्या. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. मी कशासाठी आलो ते सांगितलं. सरांना साठ वर्षं झाली, त्यांच्यावर पुस्तक निघतंय, त्यात त्या दिवसाचं सगळं लिहायचंय. त्या बराच वेळ बोंडं निवडत राहिल्या. आबांनी नातीला जळगावला शिकवायचं ठरवलं होतं, ते गेले आणि पोरीचं सातवीतच लग्न ठरलं, एवढंच त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "लिखा. मथुराबाई. मथुराबाई सुपडू पाटीलनी सून."

गौरवलेखाचा शेवट शुभेच्छांनी करायची रीत आहे. मी शब्द जुळवत बसलो होतो, पण मला जमण्यासारखं नाही. ज्यांचा हक्क आहे त्यांच्याच शब्दांत देतो. मी निघताना मथुराबाई म्हणाल्या, "तुमना त्या डॉक्टरले सांगजा, शंभर वरीस जगा. धडधाकट जगा. त्यासनीच माले बोलू दिन्हं."

मी मान हलवली आणि वळलो. मागून त्यांचा आवाज आला, "तुमले मातर मी आजूनबी माफ करेल नही."