तक्ता पाळणारी मुलगी

दवाखान्यात तिला सगळे काट्याबाई म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती? आलेल्या प्रत्येकीला ती आधी वजनकाट्यावर उभी करायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि मग कार्डावर लिहायची. मोठ्याने वाचायची काही गरज नव्हती. पण बाहेरच्या नऊ खुर्च्यांवरच्या बायकांनी तो ऐकला की काट्यावरचीचा चेहरा पडायचा, आणि काट्याबाईला ते बघायला आवडायचं. खोटं कशाला सांगू?

माणूस या जातीवरच तिचा विश्वास नव्हता. अडतिसाव्या वर्षी तिने नवऱ्याला सोडलं. त्यानेच तिला टाकलं असं सासरचे सांगत फिरायचे, पण तिच्याकडे एकदा बघितलं की कोण खरं बोलतंय ते कळायचं. तेव्हापासून अकरा वर्षं ती या बायकांच्या दवाखान्यात फोन घेत, नंबर लावत आणि वजनं करत बसली होती. डॉक्टरीणबाईंचाही तिला आदर वगैरे नव्हता. "चार मिनिटांत एक पेशंट काढतात. शिंपीसुद्धा माप घ्यायला याहून जास्त वेळ लावतो," असं ती झाडूवालीला सांगायची, आणि दार बंद आहे की नाही हे न बघता सांगायची.

पण तिचा खरा डूख आयांवर. गेल्या काही वर्षांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना घेऊन येणाऱ्या आयांची रीघ लागली होती. पाळी दोन-दोन महिने येत नाही, तोंडभर पुरळ, हनुवटीवर केस, वजन वाढतंय. हे सगळं आई बोलणार, भर खोलीत, आणि मुलगी आपल्या बुटांकडे बघत बसणार. डॉक्टरीणबाई सोनोग्राफी बघायच्या, रक्ताचे रिपोर्ट बघायच्या, 'पीसीओएस आहे' म्हणायच्या, गोळ्या लिहायच्या आणि सांगायच्या, "वजन उतरव, सगळं ताळ्यावर येईल. बाहेर आहाराचा तक्ता मिळेल." मिनिटं झाली चार.

तो तक्ता द्यायचं काम काट्याबाईचं. एक पानी झेरॉक्स. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि एक सुका टोस्ट. दुपारी वाटीने मोजून भात, उकडलेली भाजी. चार वाजता अर्धं फळ. रात्री पातळ सूप. दूध नाही, अंडं नाही, बटाटा नाही, गोडाकडे तर बघायचंही नाही. खाली दवाखान्याच्या वेळा. काट्याबाई तो कागद असा सरकवायची की जसं काही ती सिनेमाची जाहिरातच वाटतेय. तिला माहीत होतं, पालथ्या घड्यावर पाणी. काउंटरमागच्या खिडकीतून पलीकडची बेकरी स्वच्छ दिसायची. तक्ता पर्समध्ये घालून निघालेली मायलेकींची जोडी थेट तिथे शिरायची. उद्यापासून सुरू करायचं ना, मग आजचा दिवस खाऊन घेऊ. महिन्याने त्याच आया परत यायच्या आणि शपथेवर सांगायच्या, "तक्ता अगदी काटेकोर पाळतोय हो, तरी वजन हलत नाही." काट्याबाई शांतपणे म्हणायची, "काट्याचंच काहीतरी बिघडलं असेल." त्यांना टोमणा कळायचाही नाही. "दुरुस्त करून घ्या ना मग," एकीने सांगितलं होतं.

अशात ती मुलगी आली. पंधरा वर्षांची, एकाहत्तर किलो. आई शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिला सगळंच माहीत होतं. "घरी हिला आम्ही ढोली म्हणतो," आईने नऊ खुर्च्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि हसली. "लाडाने हो." मुलगीही हसली. लाड कसले, डोंबल. काट्याबाईने एकाहत्तर हा आकडा वाचला, तोही मोठ्यानेच. मुलीने तक्ता दोन्ही हातांनी घेतला, तिथेच उभं राहून पूर्ण वाचला आणि घडी न घालता वहीत ठेवला. काट्याबाईने खिडकीतून बघितलं. आई बेकरीत गेली, मुलगी बाहेर उभी राहिली. नाटकं, काट्याबाई मनात म्हणाली. चार दिवस टिकतील.

महिन्याने मुलगी पासष्ट किलो भरली. पुढच्या महिन्यात साठ. काट्याबाईला आधी वाटलं, ही गोळ्या-बिळ्या घेतेय कसल्यातरी. मग वाटलं, काटाच खरोखर बिघडला. तिने स्वतः चढून बघितलं. काट्याला काही झालं नव्हतं, दुर्दैवाने. डॉक्टरीणबाई मात्र हरखल्या. चक्क केबिनबाहेर आल्या, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाकीच्या आयांना म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलं की असं होतं." पाळीचं विचारायला त्या विसरल्या. आई म्हणाली की ती काही अजून आली नाही, पण येईल हळूहळू, नाही का? नातेवाईक तर ओळखत नाहीत हिला. सगळे विचारतात, काय केलंस. आईचं नाक असं वर झालं होतं की उपाशी तीच राहिली होती असं वाटावं.

चौथ्या खेपेला बाहेर उकाडा होता आणि मुलीने स्वेटर घातला होता. काट्यावर चढताना तिने भिंतीचा आधार घेतला. पंचावन्न. भांग रुंद झाला होता, मधली कातडी दिसत होती. काट्याबाईने या वेळी आकडा मनातच वाचला. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

आई केबिनमध्ये आधी शिरली. मुलगी काउंटरपाशी थांबली, वहीतून तक्ता काढला आणि बोट ठेवून विचारलं, "मावशी, दुपारच्या भाताचं माप पुसट झालंय. अर्धी वाटी आहे की दीड? मी अर्धीच धरते, पण एकदा विचारून घ्यावं म्हटलं."

अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारेल कोण? जो कागद कोणी वाचतच नाही, त्यावरची अक्षरं पुसट झाली काय नि ठळक राहिली काय. "बस, बघून सांगते," काट्याबाई म्हणाली आणि खालचा खण उपसायला लागली.

मूळ कागद तळाशी सापडला. डॉक्टरीणबाई मोठ्या हॉस्पिटलात होत्या तेव्हा तिथल्या वॉर्डातून आणलेला. खालची बाजू मागे दुमडलेली. दुमडली कोणी? हिनेच. दवाखान्याच्या वेळा टाकायला जागा पुरत नव्हती म्हणून शेवटच्या दोन ओळी मागे दुमडून पहिली झेरॉक्स हिनेच काढली होती. त्या ओळी तिने तेव्हा वाचल्या नव्हत्या. आता वाचल्या. 'अंथरुणाला खिळलेल्या वयोवृद्ध रुग्णांसाठी. दोन आठवड्यांहून अधिक देऊ नये.'

भाताचं माप अर्धी वाटीच होतं.

जन्मभर तिने दुसऱ्यांना मूर्ख ठरवलं होतं, आणि जगातला हा सगळ्यात मोठा गाढवपणा तिच्या स्वतःच्या हातून झाला होता. ती उठली आणि नंबराची वाट न बघता केबिनमध्ये शिरली. आईला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा." आवाज असा होता की शिक्षिका निमूट उठली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसत बसल्या.

"अकरा वर्षं देतोय आपण हा," त्या हळूच म्हणाल्या. "कोणाला काही झालं नाही."

"कोणी पाळला नाही म्हणून," काट्याबाई म्हणाली. "हिने पाळला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या की हो, उपासमारीनेच पाळी पुरती थांबली असणार. वाढीच्या वयात इतकं कमी खायचं नसतं, तपासण्या पुन्हा करायला हव्यात, आहारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं. आज फार गर्दी आहे. "तूच सांग ना बाहेर. तुला नीट जमतं बोलायला." म्हणजे शेण दोघींनी खाल्लं आणि तोंड पुसायला ही एकटी. वा रे डॉक्टरीण.

"चिठ्ठी लिहा. आत्ता," काट्याबाई म्हणाली, आणि त्यांनी लिहीपर्यंत टेबलाशी उभी राहिली.

बाहेर येऊन तिने मायलेकींसमोर खुर्ची ओढली. आडपडदा ठेवला नाही. तक्ता चुकीचा होता. म्हाताऱ्या, आजारी माणसांचा होता. चूक दवाखान्याची आहे आणि त्यातली अर्धी माझी. आजपासून तो बंद. ही चिठ्ठी घ्या आणि उद्या हिला तपासायला न्या.

शिक्षिकेला ते पटेना. "चुकीचा कसा? सोळा किलो उतरली ती. पाळीचं काय, येईल मागेपुढे. आता कुठे चारचौघांत न्यायला बरी वाटते."

"काय शिकवता हो तुम्ही शाळेत?" काट्याबाईने विचारलं. नऊ खुर्च्यांवर पिन पडली असती तरी ऐकू आली असती. आई ताडकन उठली आणि पर्स खांद्याला लावली.

मुलगी बसूनच होती. तक्ता मांडीवर धरून तिने विचारलं, "मग मी आता काय खाऊ?"

"घरात सगळे खातात ते."

"किती?"

"किती म्हणजे काय? पोट भरेपर्यंत."

मुलीने यावर विचार केला. ती सगळ्याच गोष्टींवर नीट विचार करणारी मुलगी होती. मग ती काट्याबाईकडे सरकून हळू आवाजात म्हणाली, "पोट भरलं ते कसं कळतं, मावशी? मला आता कळत नाही."

दारापर्यंत गेलेल्या आईच्याही ते कानावर पडलं. ती परत आली आणि मुलीशेजारी बसली.