निघतो म्हटलं आणि चिकटलो

आता कुठल्या तोंडाने सांगू! थांबलेलं विमान बर्फाला चिकटतं, हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ते समजावून सांगत होतो. विमान चिकटत असताना.

मी अमेरिकेत ट्रॉयला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. एका दोन सीटच्या विमानात माझा अर्धा हिस्सा होता. हिवाळ्यात आम्ही भागीदार त्याला चाकांऐवजी स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, लावायचो आणि गोठलेल्या तळ्यांवर उतरवायचो. माझ्या बायकोला, नेहाला, हे थेर अजिबात मान्य नव्हते. शेवटी ठरलं, उत्तरेला देशपांडेकाकांचं तळ्याकाठी घर आहे, तिथे विमानाने जेवायला जायचं. गाडीने चार तास, विमानाने एक. दोघं उजेडात घरी परत आलो तर हिस्सा राहील, नाहीतर विकायचा.

जाताना मस्त गेलो. उतरल्यावर स्कीखाली फळ्या सरकवल्या, म्हणजे चिकटायची भीती नाही. पोटभर जेवलो, फळ्या काढून काकांच्या गॅरेजमध्ये ठेवल्या आणि म्हटलं, "बरं काका, निघतो."

मराठी माणूस निघतो म्हणाला की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला हवं का? खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात! बाकीचे दारात उभे राहतात, आम्ही तळ्यावर.

काकू लाडू बांधायला गेल्या. काकांनी विचारलं, "काय रे, याला ब्रेक कुठे असतो?"

"स्कीला ब्रेक नसतोच काका. आणि बर्फावर एका जागी थांबवायचंही नाही, धरून ठेवतो तो."

"असं होय! पण का रे?"

मी सविस्तर सांगितलं. लाडू आले. मग चहा आला, तोही तिथेच घेतला.

इंजिन सुरू केलं. आवाज तर असा की तळं फुटेल, पण विमान ढिम्म!

"अरे, तू म्हणालास अगदी तसंच झालं की!" काकांना कोण आनंद!

नेहा उतरली. काका पंखाचं टोक हलवायला लागले, ती मागून शेपटी ढकलायला लागली. खाट्कन सुटलं आणि विमान निघालं.

"नेहा, पळत ये! चढ!"

"वेडा आहेस का? थांबव आधी!"

थांबवलं की पुन्हा चिकटणार. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. ऊन उतरत चाललं होतं. शेवटी एकटाच उडालो. खाली ती कमरेवर हात ठेवून उभी होती. टाटासुद्धा केला नाही.

तासाभरात पोचलो, बोलल्याप्रमाणे. गाडीची आणि घराची चावी नेहाच्या पर्समध्ये होती, आणि पर्स तिच्या खांद्याला. आता काकाच तिला गाडीने आणणार, म्हणून एअरपोर्टच्या बाकावर लाडू खात बसलो आणि तिला फोन लावला.

"निघालात का?"

"कधीपासून निघतोय," नेहा म्हणाली. मागून काकूंचा आवाज आला, "अगं, लोणचं राहिलं!"

हिस्सा विकला. काकांनी घेतला. म्हणाले, "तू इतकं छान समजावलंस, राहवेना रे!"