पोकळ खांबाचा बोभाटा

बँकेची ती इमारत आता जुनी म्हणून लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. पण स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी तिचं दर्शनी तोंड मी बांधलं, तेव्हा निम्म्या वेंगुर्ल्याने मला चोर ठरवलं होतं. उरलेलं निम्मं त्या दिवशी मासे मारायला गेलं होतं.

मुंबईच्या इंजिनिअरने नकाशा पाठवला होता. पुढे चार गोल विलायती खांब, त्यांच्या माथ्यावर मेंढ्याच्या शिंगांसारखी वेटोळी, वर त्रिकोणी कपाळ. मी जांभ्या चिऱ्यांचे खांब रचले आणि चुन्याचा गिलावा असा घोटला की कावळे त्यात बघून भांग पाडायचे.

एके सकाळी एक नारळवाली तिथे सावलीला टेकली. नारळ पारखणारा हात गप्प बसेना. तिने चारही खांब बोटाच्या पेरांनी वाजवले.

"गवंड्या, तीन भरलेले आसत. हो चवथो पोकळ कित्याक रे?"

दुपारपर्यंत बाजारभर झालं. जो तो येऊन खांब वाजवू लागला.

"आतले चिरे खंय गेले?"

"ह्याच्या बावीक नवो कठडो इलो मां, थंय बघ."

बोटं माझ्या घरच्या विहिरीकडे वळली. मी सांगत होतो, गच्चीचं पाणी उतरवायचा नळ त्या खांबाच्या आत आहे, बाहेर दिसला असता तर शोभा गेली असती. नकाशा दाखवला, तर तो मीच काढला म्हणाले. बँकेचे साहेब नवे. "मला याबाबत काही कल्पना नाही," म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. मला काळजी होती ती देवळाच्या दीपमाळेची. ते काम मला मिळणार होतं, आणि ते देणारे देवळाचे थोरले मानकरी आता माझ्याकडे शिळ्या बांगड्याकडे बघावं तसे बघत होते.

शेवटी मी त्या मानकऱ्यांनाच चौथ्या खांबाच्या पायथ्याशी उभं केलं आणि गच्चीवर चढून शंभर घागरी पाणी ओतलं. पाणी उतरेना. खाली लोक हसू लागले. मी नळात बांबू खुपसला. तशी खांबाच्या तळातल्या भोकातून पालापाचोळा, चिखल, दोन बेडूक आणि अर्धा अरबी समुद्र मानकऱ्यांच्या धोतरावर आला.

त्यांनी धोतर पिळलं, वाकून भोकात बराच वेळ बघितलं.

"दीपमाळ तूच बांध," ते म्हणाले. "पण एकेक चिरो माझ्या डोळ्यांदेखत बसवचो."

चार महिने ते खुर्ची टाकून समोर बसले. जेवायला घरी जाताना माझी थापी बरोबर घेऊन जायचे.